जहाजाच्या प्रतिकृतीसाठी दोर: सूत निवडण्यापासून पीळ बसवण्यापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातील आमच्या गावापासून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर आहे. दोर मात्र इथे घरोघरी आहे. बैलाचा कासरा, गुराचे दावे, बाजेची सुतळी, पूर्वी मोटेला लागणारे नाडा आणि सोंदूर ही नावे माहीत असलेली माणसे गावात आजही आहेत. गेली काही वर्षे मी ‘त्रिंकोमाली’ या शिडाच्या फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेची 1:64 प्रमाणातील प्रतिकृती बांधतो आहे. हे जहाज मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या जमशेटजी बोमनजी यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधले गेले. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ते पाण्यात उतरले आणि आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. प्रतिकृतीच्या सांगाड्यासाठी लागणारे सागवान आमच्या भागात सहज मिळते. अडचण आली ती दोरांची, आणि ती सोडवताना जे हाती लागले ते या लेखात क्रमाने मांडत आहे.

बहुतेक नवोदित जी चूक करतात ती आधीच सांगतो. ते शिवणाचा दोरा आणतात आणि तोच दोर म्हणून बांधतात. जाडी बरोबर असली तरी डोळ्याला काहीतरी खटकत राहते, कारण खऱ्या जहाजावरील दोर तीन किंवा चार ठळक पेडांचा असतो आणि त्या पेडांच्या तिरप्या रेषा दुरूनही दिसतात. शिवणाच्या दोऱ्याला पीळ असतो, परंतु तो बारीक, सैल आणि बहुधा चुकीच्या जागी असतो. म्हणून बाजारातून सूत आणावे आणि दोर घरी वळावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम माप

इंग्रजी आरमारात दोराची जाडी व्यासाने सांगत नसत, ती परिघाने आणि इंचांत सांगत. ‘नऊ इंची दोर’ म्हणजे ज्याचा घेर नऊ इंच आहे असा दोर. ही गोष्ट लक्षात न ठेवल्यास सगळे दोर तिपटीहून जाड होतात. हिशेब सोपा आहे: परिघाच्या इंचांना 8.09 ने गुणले की खऱ्या दोराचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो, आणि त्याला प्रतिकृतीच्या प्रमाणाने भागले की आपल्याला हवा तो व्यास मिळतो. नऊ इंची दोराचा व्यास सुमारे 72.8 मिलिमीटर येतो, म्हणजे 1:64 प्रमाणात 1.14 मिलिमीटर. तीन इंची दोर त्याच प्रमाणात 0.38 मिलिमीटरचा होतो, तर दीड इंची दोर 0.19 मिलिमीटरचा. आराखड्याबरोबर दोरांची यादी असेल तर प्रत्येक दोरासमोर हा आकडा आधीच लिहून ठेवावा. गणिताने आलेली जाडी आणि हातातील दोर तंतोतंत जुळत नसतील तर नेहमी बारीक बाजूचा दोर निवडावा, कारण जाड दोर पाहणाऱ्याला लगेच जाणवतो आणि थोडा बारीक दोर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

सुताची जाडी मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. एका गुळगुळीत काडीवर सुताचे वीस वेढे एकमेकांना चिकटून, पण दाबून नव्हे, घालावेत, त्यांची एकूण रुंदी पट्टीने मोजावी आणि वीसने भागावे. वीस वेढ्यांची रुंदी 4.8 मिलिमीटर भरली तर सूत 0.24 मिलिमीटरचे आहे. तयार दोरही याच रीतीने मोजावा.

पिळाची दिशा

या कामात सर्वाधिक वेळ पीळ समजून घेण्यात द्यावा, असे मी म्हणेन. दोर उभा धरावा आणि त्याच्या तिरप्या रेषा पाहाव्यात. त्या खालून डावीकडून वर उजवीकडे चढत असतील तर तो उजवा पीळ, आणि उलट चढत असतील तर डावा पीळ. जहाजावरील बहुतेक दोर उजव्या पिळाचे असत. नांगराचा जाड दोर मात्र वेगळ्या रीतीने होई: उजव्या पिळाचे तीन पूर्ण दोर घेऊन ते पुन्हा एकमेकांभोवती डाव्या पिळाने वळत, त्यामुळे त्यात एकूण नऊ पेड असत. प्रतिकृतीत नांगराचा दोर उजव्या पिळाचा दिसला तर जाणकाराला ती चूक चटकन कळते.

दोर एकत्र टिकतो तो विरोधी पिळांमुळे. खऱ्या दोरात सूत उजव्या पिळाचे, त्या सुतांचा पेड डाव्या पिळाचा आणि तीन पेडांचा दोर पुन्हा उजव्या पिळाचा असतो. आतला पीळ उलगडू पाहतो तेव्हा तो बाहेरचा पीळ घट्ट करतो, आणि बाहेरचा उलगडू पाहतो तेव्हा आतला घट्ट होतो. ढेऱ्यावर अंबाडीची दोरी वळणाऱ्या आमच्या शेजारच्या आबाजींनी हीच गोष्ट मला एका वाक्यात सांगितली होती: “आंधी पोटचा पीळ पाय बाप्पा, मंग वरचा.” त्यांनी जहाज कधी पाहिलेले नाही. मात्र बैलाच्या कासऱ्यात आणि फ्रिगेटच्या दोरात पिळाचा नियम एकच आहे.

बाजारात मिळणारा शिवणाचा दोरा बहुधा शेवटच्या टप्प्यावर उजव्या पिळाचा असतो. आता एकेक दोरा हाच एकेक पेड समजून तीन दोरे उजव्या पिळाने दोर करू गेलो, तर पेडाला डावा पीळ द्यावा लागतो आणि त्यात दोऱ्याचा मूळ पीळ उकलतो. दोरा फुगतो, तंतू सुटतात, दोर मऊ आणि केसाळ होतो. यावर उपाय असा की प्रत्येक पेडात किमान दोन दोरे घ्यावेत. मग दोरा म्हणजे उजव्या पिळाचे सूत, दोन किंवा अधिक दोऱ्यांचा डाव्या पिळाचा पेड आणि तीन पेडांचा उजव्या पिळाचा दोर, अशी खऱ्या दोराचीच रचना मिळते. एकेका दोऱ्याचा पेड घ्यायचाच असेल तर तीनही दोऱ्यांना आणखी उजवा पीळ देऊन दोर डाव्या पिळाने वळावा. असा दोर बारीक नांगरदोर म्हणून शोभून दिसतो.

कापूस, जवस, पॉलिएस्टर, नायलॉन

आमचा मुलूख कापसाचा. नागपूरला 1877 साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही नागपुरातच आहे. त्यामुळे सुती दोऱ्याबद्दल मला साहजिकच ओढ होती. माझी पहिली प्रतिकृती, एक साधे दोन डोलकाठ्यांचे गलबत, मी पूर्णपणे सुती दोऱ्याने बांधली. एप्रिलमध्ये काम झाले तेव्हा सगळे दोर नेमके ताणलेले होते. ऑगस्टमध्ये तेच दोर इतके आखडले की मागची डोलकाठी वाकली, आणि पुढच्या मे महिन्यात ते सैल पडून लोंबू लागले. याचे कारण तंतूच्या स्वभावात आहे. प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर केवळ 0.4 टक्के. ओलाव्याने तंतू जाडीत फुगतात, पिळलेल्या दोरातील प्रत्येक वळसा रुंद होतो आणि तेवढी दोराची लांबी घटते. खऱ्या जहाजांवरही पावसात तागाचे दोर आखडत आणि खलाशांना ते सैल करावे लागत. आमच्याकडे मे महिन्यात हवा हाडे वाळवणारी कोरडी असते आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते. अशा ठिकाणी घट्ट ताणलेला सुती दोर वापरू नये, हा या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष आहे.

जवसाच्या खोडाच्या तंतूपासून केलेला लिननचा दोरा दिसायला सर्वात देखणा असतो, पण चांगल्या प्रतीचा बारीक लिनन दोरा आता दुर्मीळ झाला आहे, त्यात गाठी फार असतात आणि ओलाव्याचा दोष त्यालाही लागू आहे. नायलॉन टाळावा. तलावातील मासेमारीच्या जाळ्यांचा काळा नायलॉन दोरा आमच्या आठवडी बाजारात स्वस्त मिळतो, परंतु तो ताणला की लांबतो, सोडला की आखडतो, गाठ धरत नाही आणि उन्हात कमकुवत होतो.

माझी पसंती पॉलिएस्टरला आहे. त्यातही दोन प्रकार असतात. एक आखूड तंतूंचा, जो शिवणकामाला सर्रास वापरतात आणि ज्यावर बारीक लव असते. दुसरा अखंड तंतूंचा, गुळगुळीत, जो चामड्याच्या किंवा भरतकामाच्या कामाला मिळतो. भरतकामाचा दोरा फार चकाकतो, त्यामुळे तो घेऊ नये. नागपूरच्या इतवारीत दोऱ्यांची दुकाने आहेत; तेथे जाताना एक भिंग न्यावे, दोरा काळ्या कागदावर धरून लव पाहावी आणि उजेडात फिरवून चकाकी पाहावी. तंतूची खात्री पटत नसेल तर घरी येऊन इंचभर तुकडा चिमट्याने ज्योतीजवळ धरावा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रंगाच्या दृष्टीने काळपट तपकिरी, फिकट तपकिरी आणि गव्हाळ अशा तीन छटांची रिळे एकाच वेळी, एकाच खेपेतील घ्यावीत, कारण पुढच्या खेपेची छटा वेगळी असू शकते.

घरचे दोरयंत्र

इंग्लंडमधील चॅटमच्या गोदीतील दोर वळण्याची इमारत 346 मीटर लांब आहे, आणि एवढी लांबी लागण्याचे कारण म्हणजे वळताना सूत सुमारे एक तृतीयांशाने आखडते. आपल्याला ओसरी पुरते. माझी ओसरी सात मीटरची आहे आणि तीत एका वेळी सुमारे पाच मीटर दोर निघतो, जो प्रतिकृतीच्या एका बाजूच्या कामाला पुष्कळ होतो.

एका टोकाला ओसरीच्या खांबावर सागवानाची तळहाताएवढी फळी घट्ट बसवावी आणि तिला त्रिकोणात, एकमेकांपासून 4 सेंटिमीटर अंतरावर तीन छिद्रे पाडावीत. सायकलच्या तीन स्पोकना हँडलसारखा दुहेरी वाक देऊन ते छिद्रांतून घालावेत आणि पुढच्या टोकांचे आकडे करावेत. अगदी तशाच अंतराची तीन छिद्रे असलेली दुसरी, सुटी फळी स्पोकांच्या मागच्या टोकांवर बसवावी. ही सुटी फळी हाताने गोल फिरवली की तिन्ही आकडे एकाच वेळी, एकाच दिशेने आणि सारखेच फेरे घेतात. तिन्ही पेडांचा पीळ समान असणे हा चांगल्या दोराचा प्राण आहे, आणि ही जुनी युक्ती तो आपोआप सांभाळते.

दुसऱ्या टोकाला एकच आकडा हवा, तोही मोकळा फिरणारा आणि पुढे सरकणारा. मी चार चाकांच्या लहान पाटावर हाताने फिरवण्याचे ड्रिल बसवले आहे. पाटाला मागून दोरी बांधून ती कप्पीवरून खाली सोडावी आणि तिला वजन टांगावे. बारीक दोराला 200 ग्रॅम, जाडाला 300 ते 400 ग्रॅम वजन माझ्या यंत्राला मानवते.

तिसरा भाग म्हणजे पेडांना वेगळे ठेवणारा शंकू. मुलांचा लाकडी भोवरा घेऊन त्याची आर काढावी आणि टोकापासून वरपर्यंत समान अंतरावर तीन खाचा घासाव्यात. खाचा काचकागदाने अगदी गुळगुळीत कराव्यात, नाहीतर तंतू खरवडले जातात. भोवऱ्याचे निमुळते टोक एकेरी आकड्याकडे असावे.

आता वळणी. तीन आकड्यांना प्रत्येकी ठरलेल्या संख्येने सूत लावावे आणि सर्वांची दुसरी टोके एकेरी आकड्याला एकत्र अडकवावीत. प्रत्येक सुताचा ताण बोटाने तपासावा. एखादे सैल राहिले तर तयार दोरावर तेच सूत फुगे धरते. एकेरी आकडा फिरू नये असा अडकवून ठेवावा आणि तीन आकडे अशा दिशेने फिरवावेत की पेडांना डावा पीळ चढेल. वीसेक फेऱ्यांनंतर थांबून भिंगाने पेड पाहावा, कारण या टप्प्यावरची दिशेची चूक पुढे सुधारता येत नाही. पीळ चढत जाईल तसा पाट पुढे सरकतो. मूळ लांबीच्या सुमारे दहा टक्के तो सरकला की भोवरा एकेरी आकड्याजवळ आणावा आणि तो आकडा मोकळा करावा. आकडा ज्या दिशेने आपोआप फिरू लागतो तीच दोराची योग्य दिशा. त्याच दिशेने ड्रिलने त्याला मदत करावी आणि त्याच वेळी तीन आकडे पूर्वीच्याच दिशेने फिरवत राहावे. पेडांचा पीळ दोरात खर्च होत असतो आणि तो भरून काढावा लागतो. हे काम दोघांनी केले तर उत्तम. माझी मुलगी सुटी फळी फिरवते आणि मी भोवऱ्यावर लक्ष ठेवतो. भोवरा एकाच गतीने सरकला पाहिजे. तो थबकला की तेथे दोर कडक होतो आणि धावला की तेथे सैल पडतो.

भोवरा तीन आकड्यांपाशी पोहोचल्यावर एकेरी आकड्याला त्याच दिशेने आणखी काही फेरे द्यावेत. त्याने पेड एकमेकांत घट्ट बसतात आणि त्यांच्या रेषा उठून दिसतात. दोन्ही टोके सुताने बांधल्याशिवाय दोर आकड्यावरून काढू नये. मग हातभर दोर सैल धरून त्याचा लोंबता फास करावा. फास स्वतःभोवती गुंडाळला गेला तर वरचा पीळ अधिक आहे. पेड उघडू लागले तर तो कमी आहे. फास निवांत लोंबला तर दोर जमला.

किती सुतांनी किती जाडी येते हे प्रत्येकाने स्वतःच्या यंत्रावर एकदा मोजून वहीत लिहावे. तीन सारखे पेड एकत्र वळले तर दोराचा व्यास एका पेडाच्या व्यासाच्या सुमारे 2.15 पट होतो, हे भूमितीने निघते. पुढचा हिशेब वर्गाने चालतो: जाडी दुप्पट हवी असेल तर सुते चौपट लागतात. माझ्या 0.24 मिलिमीटर सुताच्या सहा दोऱ्यांचा दोर 0.75 मिलिमीटर भरतो. त्यावरून 1.14 मिलिमीटरसाठी जवळजवळ चौदा सुते येतात. परंतु तिन्ही पेडांत सारखी सुते हवीत, म्हणून बारा किंवा पंधरा घ्यावी लागतात. वर सांगितल्याप्रमाणे मी बारा घेतो.

पीळ बसवणे

नुकता वळलेला दोर अस्वस्थ असतो. पॉलिएस्टरचा पीळ केवळ टांगून ठेवल्याने पूर्ण बसत नाही. आमच्या उन्हाळ्यातील टिनाच्या खोलीची उष्णताही त्याला पुरेशी नाही. ताणलेल्या अवस्थेतच किटलीच्या वाफेवरून दोर सावकाश दोनदा न्यावा, थंड होऊ द्यावा आणि नंतर एक दिवस वजन लावून टांगावा. सुती दोर ओल्या फडक्याने भिजवून वजनाखाली वाळवावा.

लव जाळण्याची पद्धत फक्त सुती आणि लिनन दोरांसाठी आहे. स्पिरिटच्या दिव्याच्या निळ्या ज्योतीवरून ताणलेला दोर झपाट्याने, न थांबता ओढावा. मेणबत्ती वापरू नये, तिची काजळी बसते. पॉलिएस्टरच्या दोराला ज्योत दाखवू नये, त्याच्या लवेचे बारीक मणी होतात आणि ते कधीच निघत नाहीत.

रंग आणि मेण

डोलकाठ्यांना आधार देणारे स्थिर दोर देवदारवर्गीय झाडांच्या डांबराने माखलेले असत, त्यामुळे ते काळपट तपकिरी दिसत. शिडे आणि आडव्या काठ्या हलवणारे दोर फिकट, गव्हाळ तपकिरी असत. स्थिर दोरांसाठी निखळ काळा रंग वापरू नये. लहान प्रमाणात तो फार जड दिसतो आणि पेडांच्या रेषा गिळून टाकतो.

सुती दोर रंगवायचा असल्यास आपल्याकडील एका पारंपरिक रंगापासून सावध राहावे. हिरडा आणि हिराकस यांचा काळा रंग सुंदर चढतो, पण लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने कापसाचे तंतू काही वर्षांत ठिसूळ होतात. जुन्या दौतीच्या शाईने कागद खाल्ला जातो त्याचे कारणही हेच. बिब्ब्याचा डाग पक्का असला तरी त्याच्या रसाने कातडी भाजते, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये. फिकट तपकिरीसाठी काताचे पातळ पाणी चालते. मासेमारीची जाळी आणि शिडे टिकवण्यासाठी कात पूर्वी खरोखरच वापरला जात असे. पॉलिएस्टर यांपैकी काहीच धरत नाही, ते रंगीतच घ्यावे.

मेणाबाबत पुस्तकी सल्ला आमच्या हवामानात जसाच्या तसा लागू होत नाही. मधमाशीचे मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते, परंतु त्याच्या पुष्कळ आधी ते मऊ आणि चिकट होते. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो तेव्हा मेण लावलेल्या दोरावर धूळ बसते आणि ती पुसता येत नाही. घट्ट वळलेल्या पॉलिएस्टर दोराला मेणाची गरजच नसते. फारच लव असेल तर अधिक उष्णतेला वितळणारे मायक्रोक्रिस्टलाइन मेण चिमटीत घेऊन एकदाच फिरवावे आणि लगेच सुती फडक्याने पुसून काढावे.

वेष्टण

जेथे दोर घासला जाई तेथे त्यावर बारीक सुताचे दाट वेढे घालत. प्रत्येक डोलकाठीचा सर्वात पुढचा श्राउड, म्हणजे काठीपासून जहाजाच्या कडेला उतरणारा आधारदोर, शिडाच्या घर्षणामुळे संपूर्ण लांबीभर असा वेढलेला असे. इतर श्राउड काठीच्या माथ्याजवळ. प्रतिकृतीत हे वेष्टण केले की कामाला वेगळीच भारदस्त शोभा येते. दोर दोन आकड्यांत ताणून दोन्ही टोके एकाच वेळी, एकाच दिशेने फिरतील अशी सोय करावी लागते. दोन सारखी दातेरी चाके एका लांब दांड्यावर बसवून ती करता येते. 0.1 मिलिमीटरचे सूत दोराच्या पिळाच्या उलट दिशेने भरावे, वेढ्यांत फट राहू देऊ नये आणि शेवटच्या वेढ्यांवर पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा थेंब सुईने लावावा.

बांधणीच्या वेळी

श्राउडच्या खालच्या टोकाच्या तीन भोकांच्या लाकडी डोळ्यांतून ओवलेला लॅनयार्ड, म्हणजे श्राउड ताणून धरणारा बारीक दोर, साधारणपणे श्राउडच्या निम्म्या जाडीचा असावा. श्राउडवरील आडव्या पायऱ्या खऱ्या जहाजावर 13 ते 15 इंच अंतरावर असत, म्हणजे 1:64 प्रमाणात 5 ते 6 मिलिमीटर. त्या प्रत्येक मधल्या श्राउडला खुंटगाठीने बांधाव्यात आणि बांधताना श्राउड आत ओढले जात नाहीत ना हे दर चार पायऱ्यांनंतर मागे सरून पाहावे. कप्प्यांतून दोर ओवण्यासाठी त्याचे एक सेंटिमीटर टोक झटपट चिकटणाऱ्या पातळ गोंदाने कडक करून तिरपे कापावे. हा गोंद अन्यत्र कोठेही लावू नये, कारण त्याने दोर काळवंडतो, चकाकतो आणि ठिसूळ होतो.

शेवटी खुंट्यांवर लटकणाऱ्या दोरांच्या गुंडाळ्या करायच्या. येथे एक अडचण आहे: दोराची लांबी प्रमाणाने लहान होते, पण ताठपणा त्या मानाने घटत नाही आणि वजन मात्र फार घटते, त्यामुळे लहान दोर स्वतःच्या भाराने खाली झुकत नाही. म्हणून गुंडाळ्या जहाजावर थेट करू नयेत. थर्माकोलवर टाचण्या टोचून त्यांवर गुंडाळी घालावी, एक भाग फेव्हिकॉल आणि चार भाग पाणी या मिश्रणाने ती भिजवावी, खालचे वळण बोटाने खाली ओढून लांबट करावे आणि वाळल्यावर खुंटीवर चढवावी. खाली लटकणारे वळण जहाजाच्या कठड्याला टेकले तर ते खऱ्या दोरासारखे दिसते. हवेत तरंगत राहिले तर पुन्हा भिजवून ओढावे.

उरलेला दोर पुठ्ठ्यावर सैल गुंडाळावा आणि त्यावर सुताची छटा, सुतांची संख्या, पिळाची दिशा, मोजलेली जाडी आणि तारीख लिहून ठेवावी. दोन वर्षांनी एखादा श्राउड बदलावा लागला, तर तोच दोर पुन्हा वळण्यासाठी एवढी नोंद पुरते.